कळंबच्या वाळूतला हात

नंदाखाल
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

ती. एस्थरताई हिस,
धाकट्या फर्डिनंडचा सा. न. आणि जय ख्रिस्त.

तुझं कानाचं यंत्र फोनला लागलं की शिट्टी मारतं आणि तुझ्या बटणांच्या फोनात फोटो येत नाहीत. त्यामुळे अख्ख्या पंचक्रोशीत पोस्टाची तिकिटं विकत घेणारा मी एकटाच उरलो आहे. मला दारात पाहिलं की पोस्टातली मुलगी तिकिटांचा ड्रॉवर कुठला ते आठवू लागते. आज मात्र लिहायला कारणही तसंच आहे.

गेल्या रविवारी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर मी नेहमीप्रमाणे कळंबला फिरायला गेलो. (कॅथरिनचं म्हणणं, तीन किलोमीटर चालण्यासाठी आठ किलोमीटर स्कूटर हाकणाऱ्याचा व्यायाम स्कूटरलाच होतो. एकोणचाळीस वर्षं मी हे विनोद फुकटात ऐकतो आहे.) उधाण येऊन गेलं होतं. सुरूची मुळं उघडी पडली होती आणि किनाऱ्यावर प्लास्टिकचा बांध झाला होता. त्यात एका चपलेशेजारी मला ते सापडलं. हाड. वीतभर लांब, वर दोन बोटं, सडपातळ, मध्यावर वाकलेलं आणि त्या वाकावर एक टेंगूळ.

मी भूगोलाचा शिक्षक, तू कॉलेजातली प्राणिशास्त्राची प्राध्यापिका, हे तू मला विसरू देत नाहीसच. पण शाळेतल्या प्रयोगशाळेच्या शेजारच्या वर्गात मी पंचवीस वर्षं काढली आहेत. तिथल्या सांगाड्याच्या हाताला ते लावून पाहिलं. कोपर ते मनगट, लांबी तंतोतंत. म्हणजे माणसाचा हात, तरुणपणी मोडलेला आणि वाकडा जुळलेला. आता असा माणूस कळंबला कुठून येणार? माझ्या मते तो १७३९ साली वसईचा किल्ला पडला तेव्हा गलबतातून पळणारा पोर्तुगीज कप्तान असावा. चर्चच्या मासिकासाठी चार पानी लेख तयार आहे. हात उजवा की डावा एवढं कळव, म्हणजे छापायला देतो. सोबत चित्र काढलं आहे.

कॅथरिनने कप्तानाला घरात घेतलेलं नाही. तो सध्या ओट्यावर, माझ्या लेखावर पहुडला आहे.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरतो, उत्तराची मात्र घाई कर.

तुझा,
फर्डिनंड


पुणे
३० ऑगस्ट २०२५

चि. फर्डिनंड यास,
एस्थरताईचे आशीर्वाद. कॅथरिनला दुप्पट, कारण गरज तिला आहे.

चित्र मिळालं. ते शेवग्याच्या शेंगेचं असेल तर फार छान जमलं आहे.

तुझ्या कप्तानाबद्दल थोडं. पावणेतीनशेहून जास्त वर्षं कळंबच्या लाटांत लोळणारं हाड चपलेशेजारी असं सडपातळ वगैरे पडून राहत नाही, त्याची वाळू होते. तू लांबी मोजलीस आणि निकाल लावलास. लांबीवरून ओळख पटत असती तर माझ्या स्वयंपाकघरातलं लाटणंही पोर्तुगीज ठरलं असतं. हाडाची ओळख टोकांवरून पटते. माणसाच्या त्या हाडाला कोपराकडे आकड्यासारखी खोलगट खाच असते, त्यात दंडाचं हाड फिरतं. तुझ्या चित्रात दोन्ही टोकं नुसतीच संपली आहेत. आता ती खरंच तशी आहेत की तुला चहाला बोलावणं आलं होतं, हे मला इथून कळायला मार्ग नाही.

म्हणून चित्रकला पुरे. हाड कागदावर ठेव, भोवतीने पेन्सिल फिरव, पालथं करून पुन्हा फिरव, आणि तो कागद पाठव. तोवर माझा अंदाज बैलाच्या बरगडीचा आहे.

आणि एक ऐक. तोवर कुणालाही काही सांगू नकोस. पस्तीस वर्षं शिकवल्यामुळे सर म्हणाले म्हणजे खरंच असणार, असं त्या भागातले लोक धरून चालतात. पाऊस पडेल का हेही तुला विचारतात आणि तू सांगतोस. ही त्यांची चूक आहे, पण तिचं खापर एक दिवस तुझ्यावर फुटेल.

गुडघ्याला तेल लाव. माझी माया तुझ्या अकलेवर अवलंबून नाही, एवढं समाधान ठेव.

तुझी,
एस्थरताई


नंदाखाल
१४ सप्टेंबर २०२५

ती. एस्थरताई हिस,
फर्डिनंडचा सा. न., या खेपेला मान जरा जास्तच खाली घालून.

तुझं पत्र उशिरा आलं. तू ३० तारखेला शहाणपण लिहिलंस आणि माझा मूर्खपणा २९ तारखेलाच उरकला होता.

आमच्याकडे दर शुक्रवारी अर्नाळ्याहून फ्लोरा मासळी घेऊन येते. तू तिला पाहिलं आहेस. मागल्या नाताळात सरंग्याचा भाव सांगून तुला गप्प करणारी तीच. तिचा नवरा लॉरेन्स सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात बोटीवर गेला. बोट उलटी होऊन गुजरातेकडे सापडली, तीन माणसं वाचली, लॉरेन्स मिळालाच नाही. घरात आता फ्लोरा, बारावीतली मुलगी डायना आणि लॉरेन्सची आई ॲंजेलामावशी, वय अठ्ठ्याहत्तर. मावशींनी लॉरेन्स गेला हे आजवर मानलेलं नाही. दोन नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी दफनभूमीत सगळ्या गेलेल्यांची नावं वाचतात. त्या यादीत लॉरेन्सचं नाव द्या म्हणून जो कोणी सांगायला गेला, त्याला त्यांनी घराबाहेर काढलं. एकदा तर फादरांनाही.

तर त्या शुक्रवारी फ्लोराने पाटी उतरवली आणि तिला ओट्यावर हाड दिसलं. तिने विचारलंही नव्हतं. मीच सुरू झालो. माणसाचा हात आहे, तरुणपणी मोडला होता, कुणा अडाण्याने बांधला म्हणून वाकडा जुळला, सगळं फळ्यापुढे उभं राहिल्यासारखं सांगितलं. ती खालीच बसली. लॉरेन्सचा हात सतराव्या वर्षी जाळं ओढण्याच्या यंत्रात सापडून मोडला होता आणि गावातल्या हाडवैद्याने तो बांधला होता. हे मला माहीत नव्हतं, ताई. माहीत असतं तर मी तोंड उघडलं नसतं, असं कॅथरिनला वाटत नाही.

तिने ते हाड उचललं, खालच्या कागदात गुंडाळलं आणि मासळी तशीच ठेवून गेली. तो कागद म्हणजे माझा लेख होता. दुसरी प्रत नाही.

मावशींनी ते दिवसभर मांडीवर ठेवलं आणि संध्याकाळी सांगितलं की यंदा लॉरेन्सचं नाव यादीत द्या आणि खड्डा खणा. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी रडलो हे कॅथरिन तुला कळवण्याआधी मीच कळवतो.

एक अडथळा आला तो सांगतो. फ्लोरा हाड घेऊन त्यांच्या दफनभूमीत खड्डे खणणाऱ्या पॉलकडे गेली. तुला ठाऊकच आहे, जागा अपुरी म्हणून काही वर्षांनी खड्डा उघडतात आणि हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. ते काम त्याचंच. त्याने हाड तळव्यावर तोललं आणि हे मानसाचं नाय, असं सांगून परत दिलं. पण सरांनी बघितलंय म्हटल्यावर कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पॉलचं शिक्षण पाचवी.

तेव्हा हाड माणसाचंच आहे, एवढं तू एका ओळीत लिहून दे. बाकी तुझा राग मी सावकाश सोसेन.

तुझा अपराधी,
फर्डिनंड


पुणे
२० सप्टेंबर २०२५

चि. फर्डिनंड यास,
आशीर्वाद, हात आखडता घेऊन.

जो माणूस वर्षाला वीस खड्डे उघडतो, त्याने हाड हातात घेऊन मत दिलं. जो आयुष्यभर नकाशावर नद्या दाखवत आला, त्याने शाळेतल्या प्लास्टिकच्या सांगाड्याला लावून मत दिलं. आणि गावाने दुसऱ्याचं मानलं, कारण दुसऱ्याला पेन्शन आहे. मी आयुष्यात माणसाचे सांगाडे पाहिले ते दोन. त्या पॉलपुढे मीदेखील पाचवीच.

एका ओळीत लिहून दे म्हणतोस. तू मुलांना उत्तरं फोडून देत होतास का रे?

तरीही मी दोन रात्री नीट झोपले नाही. ती बाई मासळी टाकून गेली हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणूनच म्हणते, तू उद्याच्या उद्या अर्नाळ्याला जा आणि मी सांगितलं होतं तसा कागद काढून आण. टोकांवर बोट फिरवून बघ. खाच, खोबण, गुळगुळीत जागा, जिथे दुसरं हाड येऊन टेकत असेल असं काहीही. जे असेल ते लिही, जे हवं आहे ते लिहू नकोस.

कॅथरिनला सांग की मी तिच्या बाजूने आहे.

तुझी,
एस्थरताई


नंदाखाल
६ ऑक्टोबर २०२५

ती. एस्थरताई हिस,
फर्डिनंडचा सा. न. वि. वि. यातला शेवटचा वि. फार कळकळीचा आहे.

उद्याच्या उद्या गेलो नाही. दहा दिवस लागले. कधी टायर, कधी गुडघा, कधी केळीचे घड उतरवायचे होते. शेवटी कॅथरिनने स्कूटरची चावी माझ्या ताटात ठेवली.

कागद सोबत आहे, दोन्ही बाजूंनी. दोन्ही टोकांवर बोट फिरवलं. खाच नाही, खोबण नाही, काहीही नाही. एक टोक चपटं, एक निमुळतं, आणि दोन्हीकडे नुसतं खरखरीत. हे हाड कशालाच जोडलेलं नव्हतं असं वाटतं. असं हाड असतं का?

मी हे सगळं करत असताना ॲंजेलामावशी समोर बसून होत्या. हाड परत देताना त्यांनी ते माझ्या हातून दोन्ही हातांनी घेतलं. सुताराला छोट्या पेटीचं माप दिलं आहे, वर क्रूस कोरायला सांगितलं आहे. फ्लोराने काळी साडी आणून ठेवली आहे. सहा वर्षं ती रंगीत नेसते, सासूची आज्ञा, आणि त्यावरून बाजारात जे बोललं जायचं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. परवा कॅथरिनला सांगितलं.

आता तिथल्या फादर गॉडफ्रे यांचं ऐक. तरुण आहेत, कायदा वाचलेले आहेत. ते म्हणाले, हाड माणसाचं असेल तर आधी पोलिसांकडे, मग पंचनामा, मग तपासणीला, आणि परत कधी येईल ते सांगता येत नाही. माणसाचं नसेल तर दफनभूमीत पुरता येणार नाही. म्हणजे माणसाचं असलं तरी पुरता येत नाही आणि नसलं तरी पुरता येत नाही. मी त्यांना हे हसतच दाखवून दिलं. ते हसले नाहीत. तुमच्या बहिणीकडून काय ते लेखी आणा म्हणाले.

ताई, तू असं काहीतरी गोलमाल लिही की पोलीसही नकोत आणि नकारही नको. उत्तर येत नसलं की मुलं अर्धं पान भरतात ना, तसं. हाडाचा अभ्यास चालू आहे, ते बरंच जुनं आहे, समुद्रातलं आहे, वगैरे. तू आयुष्यभर खरं बोललीस. एकदा एका म्हातारीसाठी बोलू नकोस, एवढंच मागतो.

तुझ्या मायेचा मी आजवर हिशेब ठेवला नाही, तूही ठेवू नकोस.

तुझा,
फर्डिनंड


पुणे
१४ ऑक्टोबर २०२५

चि. फर्डिनंड यास,
आशीर्वाद.

कागद पाहिला आणि मला आधी माझीच लाज वाटली, बैलाच्या बरगडीची. मग आठवलं की ही चूक मी पूर्वीही केली आहे. आमच्या कॉलेजच्या संग्रहात अगदी असंच एक हाड होतं. मी त्याला बरगडी म्हणून चिठ्ठी लावली आणि अकरा वर्षं मुलांना तेच दाखवलं. मग बाहेरून एक संशोधक मुलगी आली, तिने हाड हातात घेतलं आणि अतिशय नम्रपणे माझी चिठ्ठी काढून टाकली. तेव्हा तुझ्या कप्तानावर मी जितकी हसले तितका हक्क मला नव्हता.

हे देवमाशाच्या कंबरेचं हाड आहे. देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालत, त्यांना मागचे पाय होते. ते पाण्यात गेले, लाखो वर्षांत पाय नाहीसे झाले, कंबरेच्या हाडाचा एवढा तुकडा उरला. तो पाठीच्या कण्याला टेकत नाही, पायाला टेकायला पाय नाही. मांसात नुसता असतो. म्हणून टोकांना सांधा नाही. टेंगूळ आणि वाक त्याला जन्मतःच आहे, ते मोडून जुळलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी कळंबच्या बाजूला मेलेला देवमासा लागला होता आणि जेसीबीने किनाऱ्यावरच पुरला, हे तूच मला चार पानं भरून कळवलं होतंस. उधाणाने तो उकरला असणार.

आणखी एक आनंदाची बातमी. देवमाशाचं हाड घरात ठेवणं गुन्हा आहे. तेव्हा माणसाचं असतं तर पोलीस, आता वनखातं. तू एका चपलेशेजारून सरकारची दोन खाती उचलून आणलीस.

आता गोलमालाबद्दल. लिहिलं होतं. खरंच लिहिलं, अर्धं पान, एकही शब्द खोटा नाही आणि एकही कामाचा नाही. वाचून पाहिलं तर इतकं छान जमलं होतं की मला भीती वाटली आणि मी ते फाडलं. ती म्हातारी त्या खड्ड्यापाशी रोज जाईल, फर्डिनंड. मेणबत्ती लावेल. आणि तुला, मला, पॉलला आणि कदाचित फादरांना माहीत असेल की ती कशापुढे रडते आहे. तिच्या पाठीमागे चौघांनी मिळून गप्प बसायचं याला मी दया म्हणत नाही. तिला काही कळणार नाही असं आपण ठरवून टाकतो, एवढंच त्यात आहे.

सोबत वेगळा कागद जोडला आहे, फ्लोरा आणि ॲंजेलाबाई दोघींच्या नावे. सोपं लिहिलं आहे. तू जा आणि दोघींसमोर मोठ्याने वाच. पोस्टाने पाठवायचा नाही, कॅथरिनच्या हाती द्यायचा नाही. ते हाड माणसाचं तू केलंस, तर देवमाशाचंही तूच करायचं. पॉलची माफी वेगळी.

त्या दोघींचं काय होईल या विचाराने तो कागद मी चार वेळा लिहिला. हे कुणाला सांगू नकोस, माझी ख्याती खराब होईल.

तुझी,
एस्थरताई


नंदाखाल
४ नोव्हेंबर २०२५

ती. एस्थरताई हिस,
फर्डिनंडचा सा. न. आणि कॅथरिनचाही.

२४ तारखेला, शुक्रवारी, गेलो. कॅथरिन सोबत आली. मी वाटेत कुठे वळू नये म्हणून.

मावशी अंगणात सुका जवळा निवडत होत्या, फ्लोरा बाजारातून नुकतीच आली होती. मी उभ्यानेच तुझा कागद वाचला. देवमासा म्हटल्यावर फ्लोरा एकदम रडायला लागली. मला कोणी काही बोललं असतं तर बरं वाटलं असतं. मावशींनी मात्र जवळ्यातून डोकंही वर काढलं नाही. तुझा कागद संपल्यावर त्यांनी सांगितलं की हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लॉरेन्सचा हात त्यांनी चाळीस दिवस मांडीवर घेऊन तेल लावून बसल्या-बसल्या शेकला होता. तो वाकला होता मनगटाच्या वर चार बोटांवर, असा मध्यावर नाही. माज्या पोराचा हात मला कोन शिकवनार, असं त्या म्हणाल्या. प्राणिशास्त्र, भूगोल आणि दफनभूमी, तिन्ही खाती तिथेच बंद झाली.

मग नाव द्यायला का तयार झालात, हे कॅथरिनने विचारलं. माझी हिंमत नव्हती. मावशींनी जवळ्याची पाटी जवळ ओढली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं कळवतो. लॉरेन्स परत येणार नाही हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. समुद्र काय करतो हे त्यांना आम्ही शिकवायला नको. पण तो मेला म्हटलं असतं तर पाचूबंदरहून फ्लोराचे भाऊ तिला आणि डायनाला माहेरी घेऊन गेले असते. फ्लोरा तेव्हा छत्तिशीची. म्हातारी या घरात एकटी राहिली असती. म्हणून पोरगा जिवंत आहे असं त्या सहा वर्षं म्हणत राहिल्या, आणि नवरा जिवंत असलेली बाई घर सोडून जात नाही. फ्लोरा ते हाड छातीशी धरून आली तेव्हा तिचं तोंड बघून त्यांना वाटलं, आता पुरे, हिला मोकळं करावं. हाड कुणाचंही असो.

ताई, मी इतकी वर्षं त्या माउलीच्या वेड्या आशेबद्दल लोकांना भरल्या गळ्याने सांगत होतो.

फ्लोरा इतकी भडकलेली मी कधी पाहिली नव्हती. ती म्हणाली, सहा वर्षं मला रडूसुद्धा दिलं नाही. रंगीत लुगडं नेसून बाजारात बसवलं, लोकांची बोलणी खायला लावली, कशासाठी, तर मी जाईन म्हणून. आणि मग तिने सांगितलं की भाऊ आले होते. पहिल्याच वर्षी, दोनदा, बाजारात गाठलं होतं. दोन्ही वेळा तिनेच त्यांना परत पाठवलं आणि घरी कळू दिलं नाही, कारण सासूला वाईट वाटलं असतं. मावशींचा हात तेव्हा कुठे थांबला. नंतर दोघी रडल्या, एकमेकींकडे पाठ करून. कॅथरिनने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

हाड वनखात्याला दिलं. अर्जात सापडल्याचं ठिकाण, वेळ आणि कारण असे रकाने होते. कारण या रकान्यात मी व्यायाम लिहिलं. पॉलची माफी मागितली. तो म्हणाला, सर, तुमची पन हाडं कधीतरी माज्याकडेच येनार, आपलं भांडन नको. मासिकाचा लेख मी पुन्हा लिहीत नाही, हे वाचून तुला आनंद होईल.

परवा, दोन तारखेला, आम्ही दोघं अर्नाळ्याला गेलो. खड्डा नव्हता, पेटी नव्हती. ज्यांचे खड्डे नाहीत ते मधल्या क्रूसापाशी मेणबत्त्या लावतात, तिथे त्या तिघी उभ्या होत्या. फ्लोरा काळ्या साडीत. यादी मोठी होती. लॉरेन्सचं नाव आलं, पुढचं नाव आलं, आणि मग मावशी हमसून रडल्या. डायनाने आजीला धरलं. मला वाटलं होतं, मन हलकं वगैरे होईल. झालं नाही. नुसतं फार वाईट वाटलं.

तिथून आम्ही त्यांच्या घरी गेलो. निघताना मावशींनी मला थांबवलं आणि पाचूबंदरला एक पत्र लिहून द्या म्हणाल्या, फ्लोराच्या भावांना. फोनवर त्यांना हे सांगवणार नव्हतं. त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो. लॉरेन्स सहा वर्षांपूर्वी गेला. कळवायला उशीर केला, तो दोष माझा. तुमची बहीण सुखरूप आहे, भाची हुशार आहे. दोघींना न्यायचं असेल तर घेऊन जा, माझी आडकाठी नाही. एवढं झाल्यावर त्यांनी खाली सही केली, तीन अक्षरांना पाच मिनिटं लागली.

फ्लोरा माझ्या मागे उभी राहून वाचत होती. तिने माझ्या हातून पेन घेतलं, शेवटची ओळ खोडली, चांगली दोनदा घोटून, आणि आत जाऊन चुलीवर चहा टाकला. पस्तीस वर्षांत मी कुणा मुलाची खाडाखोड केलेली वही घेतली नाही. हे पत्र तसंच पाकिटात घातलं आणि आज सकाळी पोस्टात टाकलं.

तुझा,
फर्डिनंड